रानपाखरांचा स्नेही : रिचर्ड कीर्टन

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तेथील स्वेलडेल खोऱ्यात थ्वेट हे एक लहानसे खेडे आहे. भोवताली उघडे माळ, दगडी बांधांनी आखलेली कुरणे, त्यांत चरणारी मेंढरे आणि वसंत ऋतूत दिवसभर चालणारे पाखरांचे कूजन, अशा रम्य प्रदेशात १८६२ साली एका शेतकऱ्याच्या घरी रिचर्ड कीर्टन यांचा जन्म झाला.

बालपणापासून रिचर्डला रानाची विलक्षण ओढ होती. त्या काळी इंग्लंडात पाखरांची अंडी गोळा करण्याचा छंद सर्वत्र होता. मुलेच काय, पण प्रतिष्ठित गृहस्थही घरटी शोधून त्यांतील अंडी घेत, ती पोकळ करून पेटीत कापसावर मांडत आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवीत. रिचर्डही घरट्यांच्या शोधात झाडांवर चढे. एके दिवशी त्याचा तोल गेला व तो खाली पडला. खुब्याला जबर दुखापत झाली, उपचार नीट झाले नाहीत आणि एक पाय जन्माचा अधू झाला. डोंगरउतारावर मेंढरांमागे धावणे ज्याच्या नशिबी होते, त्या मुलावर याहून मोठी आपत्ती ती कोणती! तथापि त्याचे रानावरील प्रेम यत्किंचितही उणे झाले नाही. पाखरांचे आवाज तर तो हुबेहूब काढू लागला.

याच कलेने त्याचे दैव पालटले. लंडनच्या कॅसेल या प्रकाशन संस्थेतील एक गृहस्थ त्या माळावर ग्राउस नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी आले होते. रिचर्डने त्या पक्ष्याची अशी बेमालूम साद घातली की, ते गृहस्थ चकित झाले. पुढे त्यांच्याच संस्थेत रिचर्डला नोकरी मिळाली आणि १८८२ साली तो लंडनला गेला. १८८७ साली वडील वारले. त्यानंतर त्याहून नऊ वर्षांनी धाकटा भाऊ चेरी हाही तेथेच कामास लागला.

आठवड्याची सुटी मिळाली की, हे दोघे बंधू शहराबाहेरील रानांत जात. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनजवळच्या एन्फील्ड येथे त्यांना थ्रश पक्ष्याचे घरटे सापडले. थ्रश हा आपल्याकडील कस्तुराच्या जातकुळीतला गोड गळ्याचा पक्षी. त्याचे घरटे वाटीसारखे असते व आतून चिखलाने गुळगुळीत लिंपलेले असते. त्यात आकाशी रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी होती. चेरीने आपल्या कॅमेऱ्याने त्या घरट्याचे छायाचित्र घेतले. ते पाहून रिचर्ड यांच्या मनात एक विचार आला. अंडी जागच्या जागी राहिली होती, पक्ष्याचे काहीच गेले नव्हते आणि तरीही ते घरटे पुस्तकाच्या पानावर लक्षावधी वाचकांना दाखवता येणार होते! इंग्लंडातील सर्व पाखरांची घरटी अशा रीतीने टिपावयाची, असा त्यांनी निश्चय केला. चेरीने छायाचित्रे घ्यावीत व रिचर्ड यांनी घरटी शोधून लेखन करावे, अशी कामाची वाटणी झाली.

हे काम सोपे नव्हते. त्या वेळचे कॅमेरे म्हणजे जड लाकडी पेट्या होत्या. प्रत्येक चित्रासाठी काचेची नवी पट्टी बसवावी लागे. त्या पट्टीवर चित्र उमटण्यास आजच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश व वेळ लागे. तेवढ्या अवधीत पक्ष्याने मान हलवली की, चित्र पुसट होऊन सारे श्रम वाया जात. घरटे स्थिर असते, पण पक्षी चंचल असतो. शिवाय माणसाची आकृती दिसताच तो दूर उडून जातो आणि तो फार वेळ परतला नाही, तर अंडी गार पडतात, पिले उपाशी राहतात. म्हणून पक्ष्याला माणूस दिसताच कामा नये, हे दोघा बंधूंनी जाणले.

त्यासाठी त्यांनी नाना प्रकारची लपणे तयार केली. झाडीत पोकळ बुंध्याचे सोंग, तर खडकाळ जागी खोट्या खडकाचे! उघड्या कुरणात मात्र यांपैकी काहीच शोभले नसते. तेथे चंडोलासारखे पक्षी जमिनीवरच घरटे करतात. तेव्हा १९०० च्या सुमारास त्यांनी खऱ्या बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल बनवून घेतला. चरणाऱ्या गुरांना पाखरे भीत नाहीत. बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन वाकून उभे राहावयाचे आणि भिंगासमोर पक्षी येण्याची वाट पाहावयाची! आत उकाडा असे, पाठ आखडून जाई, पण हालचाल करण्याची सोय नसे. एकदा तर आत उभ्या असलेल्या भावाला भोवळ आली आणि बैल उलटून त्याचे चारही पाय आकाशाकडे झाले.

अशा कामाची काही रीत ठरलेली आहे. लपण एकाच दिवशी घरट्याशी नेऊन ठेवावयाचे नसते. ते आधी दूर उभारून पक्ष्याच्या नजरेस सरावू द्यावे, मग थोडे थोडे जवळ आणावे. लपणाकडे जाताना दोघांनी जावे व एकाने परत फिरावे. जाणारा माणूस दिसला की, संकट टळले असे समजून पक्षी घरट्याकडे येतो. तरीही पहिल्या भेटीतच चित्र घेण्याची घाई करू नये. त्याने निश्चिंतपणे पिलांना दोन-चार वेळा भरवले, म्हणजे मगच कळ दाबावी.

या तपश्चर्येचे पहिले फळ म्हणजे १८९५ साली प्रसिद्ध झालेले, ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक. रानातील प्रत्यक्ष छायाचित्रांनी आद्यंत सजलेले हे पहिलेच निसर्गविषयक पुस्तक मानले जाते. उंच फांदीवरील घरटे टिपण्यासाठी चेरी थोरल्या भावाच्या खांद्यांवर उभा राही. अधू पायाच्या त्या माणसाने तो भार आनंदाने वाहिला. १८९६ साली दोघे अटलांटिक महासागरातील सेंट किल्डा बेटांवर जाऊन तेथील समुद्रपक्ष्यांचीही चित्रे घेऊन आले. पुढे नोकरी सोडून रिचर्ड यांनी लेखनास वाहून घेतले आणि गावोगावी पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्याने दिली. चेरी आफ्रिकेत जाऊन वन्य प्राण्यांचे चित्रपट घेण्यात प्रसिद्धीस आले.

१९२८ साली रिचर्ड कीर्टन यांचे निधन झाले. १९५४ साली ब्रिटनमध्ये बहुतेक रानपाखरांची अंडी घेण्यास कायद्याने बंदी झाली. आज दूरवरून चित्र घेणारी भिंगे उपलब्ध आहेत. त्यामुळे घरट्याजवळ न जाणेच जाणकार छायाचित्रकार योग्य समजतात. साधने बदलली, तरी पाखराचे सुख आधी व आपले चित्र नंतर, ही रीत बदललेली नाही. अंड्यांच्या लोभाने झाडावर चढलेल्या एका मुलाने मोठेपणी तीच अंडी घरट्यात सुखरूप ठेवून हजारो लोकांना पाहावयास शिकवले, यातच त्याच्या आयुष्याचे सार्थक आहे.