घोड्याच्या गळवाने शिकवलेला धडा

मुलांना दिल्या जाणाऱ्या त्रिगुणी लसीत आणि साठी-पासष्टी ओलांडलेल्यांसाठी बनवलेल्या फ्लूच्या खास लसीत एक समान धागा आहे. तो धागा गास्तों रामाँ या फ्रेंच पशुवैद्यकापर्यंत जाऊन पोहोचतो.

रामाँ यांचा जन्म १८८६ साली फ्रान्समधील बेलशोम या खेड्यात झाला. आल्फोर येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. पॅरिसजवळच्या गार्श येथील संस्थेच्या शाखेत त्यांची नेमणूक झाली. तेथे मोठी अश्वशाळा होती. घोड्यांना घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचायचे, त्यांच्या रक्तात प्रतिविष तयार झाले की रक्त काढून त्यातील सीरम वेगळे करायचे आणि ते आजारी मुलांना द्यायचे, असे तेथील काम. घटसर्प झालेल्या मुलाच्या घशात पडदा धरत असे, श्वास कोंडत असे. सीरम वेळेवर मिळाले तर मूल वाचे; पण ते संरक्षण काही आठवड्यांपुरतेच टिके.

सीरम नासू नये म्हणून रामाँ त्यात फॉर्मॅलिन घालत. हाच उपाय त्यांनी विषावर करून पाहिला. फॉर्मॅलिन घातलेले विष काही आठवडे उबेत ठेवले, की त्याचा घातकपणा जाई; मात्र शरीराला ओळख पटवून देण्याचा त्याचा गुण शाबूत राहत असे. १९२३ साली जाहीर झालेले हे ‘ॲनाटॉक्झिन’, म्हणजेच टॉक्सॉइड, घटसर्पाची लस ठरले. पुढे याच रीतीने धनुर्वाताची लस झाली. फ्रान्सने १९३८ मध्ये घटसर्पाची लस सक्तीची केली.

लस मिळाली, तरी सगळे घोडे सारखा प्रतिसाद देत नव्हते. काहींच्या रक्तात प्रतिविष भरपूर, तर काहींच्या रक्तात जेमतेम. रामाँ यांच्या लक्षात आले, की टोचल्या जागी ज्या घोड्यांना सूज येते किंवा गळू होते, त्यांच्याकडूनच प्रतिविष अधिक मिळते. दुसऱ्या कुणी याला सुई नीट न उकळल्याचा दोष मानून सोडून दिले असते. रामाँ यांनी मुद्दाम तशी सौम्य सूज आणायचे ठरवले. लसीत त्यांनी निरनिराळे पदार्थ मिसळून पाहिले. त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे टॅपिओका. आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचे पीठ. पीठ मिसळलेल्या लसीने प्रतिविषाचे प्रमाण कितीतरी वाढले. हे १९२५ सालचे काम. स्वतः रोगाशी न लढता लसीला हात देणाऱ्या अशा द्रव्यांना ‘ॲडज्युव्हंट’ म्हणजे सहायक द्रव्य हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटी वापरून तेच साधले. ॲल्युमिनियमचे क्षार आजही अनेक लसींत असतात.

मग याचा वृद्धांशी संबंध काय? वयाबरोबर रोगप्रतिकारशक्तीही थकते. तरुण शरीर ज्या लसीला जोमाने प्रतिसाद देते, त्याच लसीने वृद्धांच्या शरीरात प्रतिपिंडे कमी तयार होतात. आणि फ्लूमुळे न्यूमोनिया होण्याचा, रुग्णालयात जाण्याचा धोका याच वयात सर्वाधिक. म्हणजे ज्यांना लसीची गरज जास्त, त्यांनाच ती कमी लाभते. गार्शच्या घोड्यांपुढचा प्रश्नही असाच होता.

१९९७ साली इटलीत वृद्धांसाठी एमएफ५९ हे सहायक द्रव्य घातलेली फ्लूची लस मंजूर झाली. स्क्वालिन या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून ते बनवतात. हे थेंब टोचल्या जागी प्रतिकारपेशींना बोलावून घेतात. त्या लसीतील घटक जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि प्रतिपिंडे वाढतात. गळू होऊ न देता गळवाचे काम करून घेण्याचाच हा प्रकार. दंड थोडा अधिक दुखतो, कधी कणकण वाटते. बहुधा एक-दोन दिवसांत ते ओसरते. अमेरिकेत २०१५ साली ही लस मंजूर झाली. २०२२ पासून तेथे ६५ वर्षांवरील व्यक्तींना प्राधान्याने सुचवल्या जाणाऱ्या लसींत तिचा समावेश आहे. फ्लूचा विषाणू रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते. खास लस उपलब्ध नसेल, तर साधी लस घेणे हे काहीच न घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. आपल्यासाठी कोणती योग्य, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

रामाँ १९६३ साली निवर्तले. नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव शंभराहून अधिक वेळा सुचवले गेले. तो मात्र त्यांना कधीच मिळाला नाही. घटसर्पाने घसा कोंडून मूल दगावणे ही एकेकाळची घरोघरची भीती आज बहुतेकांनी पाहिलेलीही नाही. घोड्याच्या अंगावरच्या गळवाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही, त्याचा लाभ आता नातवंडांबरोबर आजी-आजोबांनाही होतो आहे.