मलिक अंबर

सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबसाण देशात एक मुलगा जन्मास आला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात तो अखेर दक्षिणेत आला व अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. तेथे त्याने राज्यकारभाराचे व युद्धकलेचे ज्ञान संपादन केले. हाच पुढे मलिक अंबर या नावाने प्रसिद्धीस आला.

इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही बुडाली, असेच सर्वांस वाटले. अंबर मात्र डगमगला नाही. त्याने राजवंशातील मूर्तजा यास गादीवर बसविले व राज्याची घडी पुन्हा नीट केली. मोगलांची फौज अफाट होती. म्हणून समोरासमोरची झुंज टाळून, चपळ मराठा स्वारांकरवी शत्रूची रसद तोडण्याचा गनिमी कावा त्याने अवलंबिला.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी येथे नगर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय. परंतु नगरास पाणी कोठून आणावयाचे? डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी अंबराने हेरले, भूमिगत नहर बांधविला आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी नगरात खेळविले. कित्येक पिढ्यांची तहान या नहराने भागविली.

१६२४ साली राज्यावर घोर संकट आले. मोगल व विजापूरकर एक होऊन अंबरावर चालून आले. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडी येथे एक जुना तलाव होता. अंबराने त्याचा बांध फोडविला! कोरड्या मुलखात साठविलेले पाणी सोडून देणे ही काही लहान किंमत नव्हे. पण राज्यच गेले तर पाणी कोणासाठी राखावयाचे? पाण्याचा लोंढा पसरला, वाटा चिखलाने भरल्या आणि शत्रूची चाल मंदावली. त्याची रसद तुटली. उपाशी सैनिक फुटून अंबरास मिळू लागले. मग अंबराने अचानक हल्ला चढविला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद मारला गेला व शत्रूची दाणादाण उडाली. या लढाईत शहाजीराजे भोसले अंबराच्या बाजूने शौर्याने लढले. त्यांचे बंधू शरीफजी यांना मात्र वीरमरण आले.

१६२६ साली अंबर मरण पावला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. परक्या मुलखातून आलेल्या या पुरुषाने येथील डोंगर, उतार व ओढे आपलेसे केले. म्हणूनच शांततेच्या काळात पाणी त्याच्या प्रजेचे जीवन झाले आणि युद्धात तेच त्याचे शस्त्र बनले.