रेव्ह. ना. वा. टिळक : उपासनेला मायबोली देणारा कवी

ख्रिस्ती उपासना म्हणजे रविवारी चर्चला जाणे, एवढेच का? नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

कोण होते टिळक?
६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगावात चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९३ मध्ये रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

किंमत काय मोजली?
नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानग्या दत्तूपासून काही वर्षे ताटातूट झाली. पुन्हा संसार जुळला, तेव्हा टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

उपासनेत काय बदलले?
मराठी चर्चमध्ये तेव्हा पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांचा भरणा होता. तुकोबांचे ऋण मानणाऱ्या टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तनातून ख्रिस्तभक्ती मांडली. टाळ-मृदंगाच्या साथीने प्रार्थना घरातली वाटू लागली.

अखेरची वाट कोणती?
१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.