रोगाचे गणित मांडणारा डॉक्टर : सर रोनाल्ड रॉस

गणित आपल्याला वाण्याच्या दुकानात, सावकाराच्या वहीत आणि शाळेच्या फळ्यावर नेहमी भेटते. परंतु आजाऱ्याच्या उशाशीही गणिताला काही काम असेल, ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वी फारच थोड्यांच्या मनात आली होती. साथ येई, माणसे नेई आणि एक दिवस ओसरून जाई. ती का आली व का ओसरली हे कळत नसल्यामुळे लोक तिला दैवाचा कोप समजत. या अंधारात आकडेमोडीचा दिवा घेऊन शिरणाऱ्यांमध्ये सर रोनाल्ड रॉस हे अग्रणी होते. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढणारे संशोधक म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरली आहे. परंतु रोग हटविण्यासाठी किती डास हटवावे लागतील, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर त्यांनी गणिताने शोधले, ही त्यांची कामगिरी तितकीच थोर असूनही फारशी कोणाला ठाऊक नाही.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अलमोडा या गावी झाला. त्यांचे वडील हिंदुस्थानातील फौजेत अधिकारी होते. आठ वर्षांचे असताना शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. त्यांचा ओढा चित्रकला, संगीत व काव्य यांकडे होता. पण मुलाने वैद्यकी शिकून हिंदुस्थानात नोकरी धरावी, असा वडिलांचा हट्ट होता. पितृआज्ञा त्यांनी मानली खरी, तथापि वैद्यकाच्या अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. १८८१ साली ते वैद्यकीय अधिकारी म्हणून मद्रास इलाख्यात रुजू झाले. लष्करी नोकरीत मोकळा वेळ पुष्कळ मिळे. त्या वेळात त्यांनी आपण होऊन गणिताची पुस्तके मिळविली आणि कोणा गुरूवाचून तो विषय मोठ्या आवडीने आत्मसात केला. केवळ छंद म्हणून जोडलेली ही विद्या पुढे लाखो जीवांच्या उपयोगी पडणार आहे, याची त्यांना तेव्हा जाणीवही नव्हती.

१८८३ च्या सुमारास ते बंगळूर येथे राहत असताना त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. खिडकीपाशी पाण्याचे एक पिंप होते. त्यात डासांच्या अळ्या वळवळत असल्याचे पाहून त्यांनी ते पालथे केले, आणि थोड्याच दिवसांत डास कमी झाले. छावणीतील सर्वच साठलेले पाणी असे काढून टाकावे, असे त्यांनी एका अधिकाऱ्याला सुचविले. परंतु निसर्गाने निर्माण केलेल्या जीवांच्या वाटेला जाऊ नये, असे म्हणून त्याने ती सूचना उडवून लावली. हा प्रसंग रॉस कधी विसरले नाहीत.

हिवतापाचे जंतू रोग्याच्या रक्तात असतात, हे लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली शोधले होते. पण ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, हे कोडे सुटले नव्हते. लंडनमध्ये १८९४ साली डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांना ते जंतू दाखविले आणि डासांवर आपला संशय असल्याचे सांगितले. रॉस परतले ते हाच ध्यास घेऊन. सिकंदराबादच्या असह्य उकाड्यात ते दिवसभर डास चिरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासत. डास उडून जातील म्हणून पंखाही चालविता येत नसे. कपाळावरून ओघळणाऱ्या घामाने यंत्राचे स्क्रू गंजून गेले. हुसेन खान नावाच्या एका रोग्याने डासामागे एक आणा घेऊन आपल्या अंगाला डास चावू दिले. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ॲनॉफिलीस जातीच्या डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले.

यानंतर एका महिन्याच्या आतच त्यांच्या हाती बदलीचा हुकूम पडला आणि राजपुतान्यातील खेरवाडा येथे, जेथे हिवतापाचे रोगी क्वचितच मिळत, तेथे त्यांना जावे लागले. तरीही ते खचले नाहीत. पुढे १८९८ साली कलकत्त्यास महंमद बक्ष या मदतनिसाच्या साहाय्याने त्यांनी चिमण्यांवर प्रयोग केले, आणि जंतू डासाच्या लाळेतून नव्या शरीरात शिरतात हे सिद्ध केले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खान व महंमद बक्ष यांना मात्र कोणतेही पारितोषिक मिळाले नाही. म्हणून त्यांची नावे आपण आवर्जून लक्षात ठेवावीत.

एवढ्यावर रॉस यांचे कार्य संपले नाही. खरा झगडा याच्या पुढेच होता. डास कमी केल्यास रोग कमी होईल, असे ते सांगत. परंतु सारेच डास मारणे अशक्य असल्यामुळे हा खटाटोप व्यर्थ आहे, असे अनेक जाणते लोक म्हणत. लाहोरजवळील मियाँ मीर येथील छावणीत १९०२ पासून डास कमी करण्याचा प्रयोग चालला होता. त्यास यश येईना, तेव्हा या मताला अधिकच बळ चढले. हे मत मान्य झाले असते, तर हिवतापाने गांजलेल्या प्रदेशांना केवळ कोयनाइनवर विसंबून राहावे लागले असते. प्रयोगासाठी घेतलेले क्षेत्र फार लहान होते, असे रॉस यांचे म्हणणे होते. मोकळ्या केलेल्या जागेत बाहेरून किती डास उडत येतील, याचाही त्यांनी १९०४ सालीच गणिताने विचार केला होता. मॉरिशस बेटातील हिवतापाची पाहणी करून त्यांनी १९०८ साली अहवाल लिहिला, आणि त्यात रोगाच्या फैलावाचे गणित मांडले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या हिवताप-प्रतिबंधावरील ग्रंथात त्यांनी हा विचार पुढे नेला.

त्यांच्या विचाराचे मर्म एका सोप्या उदाहरणाने कळेल. त्यातील आकडे केवळ समजण्याकरिता मनाशी धरलेले आहेत. सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात, भाताच्या खाचरांनी वेढलेले हजार वस्तीचे एक गाव आहे, असे समजू. गावात हिवतापाचा एकच रोगी आहे, आणि तो बरा होईपर्यंत त्याला ४८ डास चावतात. डासाच्या अंगात जंतू तयार होण्यास दहा-बारा दिवस लागतात, व तोपर्यंत बहुतेक डास मरून जातात. समजा, तीनांतील एकच जगतो; म्हणजे राहिले १६. त्यांपैकी चारांतील एकच पुन्हा माणसाला चावतो. म्हणजे उरले ४. एका रोग्याचे चार झाले, चारांचे सोळा होतील आणि साथ भडकेल. आता गावकऱ्यांनी डबकी बुजवून डास एवढे कमी केले, की रोग्याला ४८ ऐवजी १२ च डास चावतात. याच हिशेबाने एका रोग्यामागे एकच नवा रोगी होईल. रोग वाढणार नाही व घटणारही नाही. डासांची संख्या याहून थोडी जरी खाली गेली, तरी एका रोग्यामागे पुरता एक रोगीही होणार नाही, आणि गावात डास शिल्लक असतानाही रोग हळूहळू आपोआप विझेल. सर्व डास मारण्याची गरजच नाही; त्यांना एका मर्यादेखाली ठेवले म्हणजे झाले. विरोधकांच्या आक्षेपाला रॉस यांनी दिलेले हे उत्तर होते.

१९११ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. पुढे १९१६-१७ मध्ये हिल्डा हडसन या विदुषी गणितज्ञांच्या सहकार्याने त्यांनी साथींच्या गणिताला अधिक व्यापक रूप दिले. त्यांचा स्वभाव मात्र तापट होता. शोधाच्या श्रेयावरून इटालियन शास्त्रज्ञ ग्रासी यांच्याशी त्यांनी दीर्घकाळ कडवट वाद घातला. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप मात्र वाढत राहिले. १९०१ साली त्यांच्याबरोबर आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेलेल्या मॅक्केंड्रिक या तरुण डॉक्टरांना त्यांनी गणिताची गोडी लावली. मॅक्केंड्रिक यांनी पुढे हिंदुस्थानात अनेक वर्षे सेवा केली. त्यानंतर एडिंबरो येथे, अपघातात दृष्टी गमावलेल्या करमॅक या शास्त्रज्ञांच्या समवेत, त्यांनी १९२७ साली एक सिद्धान्त मांडला. रोग जडू शकेल अशी माणसे एका मर्यादेपेक्षा कमी झाली, की सगळ्यांना रोग होण्यापूर्वीच साथ ओसरू लागते, असे त्यांनी दाखविले. आपले गणित पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने आठवड्यागणिक किती मृत्यू झाले, त्याची ती नोंद होती. त्या दुःखद आकड्यांचा चढ-उतार सूत्राने काढलेल्या वक्ररेषेशी चांगलाच जुळला. पुढे २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा एका रोग्यामागे किती नवे रोगी होतात हाच प्रश्न जगभरचे शास्त्रज्ञ रोज विचारीत होते.

या गणितात आशेबरोबर इशाराही आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज होता. १९५३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखाच्या घरात आली. रोग गेलाच, असे समजून पुढे दक्षता सैल झाली. फवारणीची औषधेही पूर्वीसारखी डासांना लागू पडेनात. १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. डास मर्यादेखाली असतील तोवरच रोग दबलेला राहतो. मर्यादा ओलांडली की तो पुन्हा डोके वर काढतो.

अंगणातील फुटके मडके पालथे करणे हे काम क्षुल्लक दिसते. एका मडक्याने साथ थांबत नाही हे खरे. परंतु गावातील प्रत्येक घराने आपापले मडके पालथे केले, तर त्या सर्वांची बेरीज रोगाला मर्यादेखाली ओढू शकते. ज्या प्रयत्नाला लोक व्यर्थ म्हणत होते, तो व्यर्थ नाही, हे रॉस यांनी हिशेबाने सिद्ध करून दाखविले.