जीआय पत्र्याला ज्याचं नाव आहे, तो आयुष्यभर बेडकांचे पाय तपासत होता

जीआय पत्रा, जीआय पाइप, जीआय तार. हार्डवेअरच्या दुकानात दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जाणारा शब्द. यातला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, आय म्हणजे आयर्न. थोडक्यात, जस्ताचा थर दिलेलं लोखंड.

पण गॅल्व्हनाइज्ड हा शब्द आला एका माणसाच्या आडनावावरून. त्या माणसानं जस्ताचा पत्रा कधी बनवला नाही. तो होता डॉक्टर, शरीररचना शिकवणारा. त्याचं नाव लुइजी गॅल्व्हानी.

गॅल्व्हानीचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील सोनार. घरचं वातावरण धार्मिक आणि पोराचा ओढाही तिकडेच, त्याला मठात जायचं होतं. घरच्यांनी त्याला त्यापासून परावृत्त केलं आणि गडी वैद्यकशास्त्राकडे वळला. १७५९ मध्ये त्यानं बोलोन्या विद्यापीठातून पदवी घेतली. हाडांवर प्रबंध लिहिला आणि तिथेच शिकवायला लागला. पुढे प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापकही झाला.

१७६२ मध्ये त्याचं लग्न झालं लुचिया गालेआत्झीशी. ती त्याच्याच एका प्राध्यापकाची मुलगी. लुचिया नुसती घर सांभाळत नव्हती. ती नवऱ्याला प्रयोगांत मदत करायची आणि त्याचं लिखाणही तपासायची.

१७८० च्या सुमारास गॅल्व्हानी बेडकांच्या नसा आणि स्नायूंवर काम करत होता. त्या काळी वीज म्हणजे नवलाईची गोष्ट. काचेची चकती घासून ठिणग्या पाडणारी यंत्रं प्रयोगशाळांमधून असायची. तसंच एक यंत्र गॅल्व्हानीच्या टेबलावर होतं आणि शेजारी सोललेला बेडूक.

एकदा सहायकाच्या हातातला चाकू बेडकाच्या नसेला टेकला आणि नेमकी त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली. मेलेल्या बेडकाचा पाय ताडकन झटकला गेला.

आता यात तसं पटण्यासारखं काहीतरी होतं. आसपास वीज आहे, तिचा धक्का बसला असेल. मग गॅल्व्हानीनं पुढचा प्रश्न विचारला. आकाशातल्या विजेनंही असं होतं का? त्यानं बेडकांचे पाय पितळी हुकांना अडकवले आणि घराच्या लोखंडी कठड्यावर टांगले. वादळात पाय हलले. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे झालं.

खरा घोळ झाला तो आभाळ स्वच्छ असताना. १७८६ च्या सप्टेंबरात ना ढग होते ना वीज. वाट बघून कंटाळलेल्या गॅल्व्हानीनं पितळी हूक लोखंडी कठड्यावर दाबला. पाय हलले. पुन्हा दाबला, पुन्हा हलले.

मग ही वीज आली कुठून?

गॅल्व्हानीचं उत्तर होतं, बेडकातून. प्राण्याच्या शरीरातच वीज साठलेली असते, धातू फक्त तिला वाट करून देतो, असं त्यानं मांडलं. १७९१ मध्ये त्यानं लॅटिनमध्ये हा प्रबंध छापला आणि युरोपभर खळबळ उडाली. जो तो बेडूक शोधायला लागला. पण हे यश बघायला लुचिया नव्हती. ती त्याआधीच वारली होती.

इथे एंट्री होते अलेस्सांद्रो व्होल्टाची. पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारा हा गडी आधी गॅल्व्हानीच्या बाजूनं होता. स्वतः प्रयोग करायला लागल्यावर त्याचं मत फिरलं. त्याचं म्हणणं होतं की वीज बेडकात नाहीच. पितळ आणि लोखंड हे दोन वेगळे धातू, मध्ये ओलावा. वीज तयार होते ती या जोडीतून. बेडकाचा पाय फक्त वीज आल्याची खबर देतो.

युरोपात दोन तट पडले. गॅल्व्हानी मागे हटला नाही. त्यानं धातू पूर्ण बाजूला ठेवून प्रयोग केले. एका पायाची नस दुसऱ्या पायाच्या नसेला टेकवली, तरी पाय हलला. यात धातू कुठेच नव्हता. म्हणजे शरीरात वीज असते हे त्याचं म्हणणं खरंच होतं. आज ईसीजी काढतात तेव्हा हृदयातली हीच वीज कागदावर उतरते.

पण कठड्यावर जे घडलं, त्याबाबत व्होल्टा बरोबर होता.

हा वाद सुटायच्या आत राजकारण आडवं आलं. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा बोलोन्यात शिरल्या. १७९७ मध्ये सिसाल्पाइन प्रजासत्ताक उभं राहिलं आणि प्राध्यापकांना नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आलं. गॅल्व्हानीच्या श्रद्धेत ते बसणारं नव्हतं. त्यानं नकार दिला. एप्रिल १७९८ मध्ये त्याची पदं गेली आणि पगारही गेला. साठी गाठलेला, बायको गेलेली, मूलबाळ नाही. शेवटचे महिने त्यानं भावाच्या घरी हलाखीत काढले आणि ४ डिसेंबर १७९८ रोजी तो गेला.

दोनच वर्षांनी, १८०० मध्ये, व्होल्टानं जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले आणि जगातली पहिली बॅटरी तयार केली. बेडकाची गरजच उरली नाही. हे बघायला गॅल्व्हानी नव्हता.

मग पत्र्याला नाव गॅल्व्हानीचं का?

कारण दोन धातू आणि ओलावा यांतून निर्माण होणाऱ्या विजेला तोवर सगळीकडे गॅल्व्हानीचंच नाव पडलं होतं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं जहाजांच्या तळाचं तांबं वाचवण्यासाठी त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की त्यातला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. जस्त आणि लोखंडाच्या जोडीत झिजतं ते जस्त.

१८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच इंजिनिअरनं लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि तिला गॅल्व्हानीवरून नाव दिलं. आजही कारखान्यात साधारण ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या जस्तात लोखंड बुडवतात. पत्र्याला ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं पडलं, तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड बराच काळ तगून राहतं. म्हणजे बोलोन्याच्या कठड्यावर जी जोडी वीज तयार करत होती, तशीच जोडी आज पत्र्यावर पहारा देते. आणि गॅल्व्हानीनं आयुष्यभर नाकारलं ते नेमकं हेच होतं.

आता या पहारेकऱ्याचंही एक दुखणं आहे, पांढरा गंज.

पावसाळ्यात एकावर एक रचून ठेवलेले नवे पत्रे उघडले, की कधीकधी खडूसारखी पांढरी भुकटी दिसते. जस्ताला मोकळी हवा मिळाली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्यावर घट्ट, टिकाऊ थर बसतो. पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकलं आणि हवा पोहोचली नाही, तर तो थर तयार होत नाही. जस्ताचं हायड्रॉक्साइड बनत राहतं, तीच ही भुकटी. जस्त खर्च होतंय, पण लोखंडाला वाचवायला नाही, फुकटच.

डाग हलके असतील तर पत्रे सुटे करून वाळवले, नायलॉनच्या ब्रशनं घासले तरी भागतं. चिवट डागांसाठी आता लेझर वापरतात. लेझरचे अतिशय छोटे झटके भुकटीवर पडतात. भुकटी क्षणात तापून उडून जाते. खालचा चकचकीत धातू बराचसा प्रकाश परतवतो, म्हणून तो तुलनेनं कमी तापतो. ॲसिड नको, वाळूचा मारा नको.

मात्र जपून. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि चांगल्या पत्र्यावरही दर बाजूला त्याचा थर साधारण २० मायक्रॉनच असतो, केसाच्या जाडीपेक्षा कमी. लेझरची ताकद जास्त झाली तर गंजाबरोबर पहारेकरीही उडून जातो. जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो, त्यामुळे धूर ओढणारं यंत्र आणि डोळ्यांना लेझरचा चष्मा हवाच. आणि लेझर गेलेलं जस्त परत आणत नाही. थर फार पातळ झाला असेल तर जस्ताचा रंग किंवा नवा थर द्यावाच लागतो.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय जुनाच आहे. पत्रे जमिनीपासून उचलून, थोडे तिरपे, मध्ये पट्ट्या टाकून ठेवायचे. पाणी वाहून गेलं पाहिजे, हवा खेळली पाहिजे. दोन धातू आणि ओलावा एकत्र आले की काय होतं, हे बेडकाच्या पायानं १७८६ मध्येच सांगून ठेवलंय.