विश्लेषण : ख्यालगायकाची तीन मिनिटांची ठुमरी घरोघरी कशी पोहोचली?

नृसिंहवाडी : कृष्णा-पंचगंगेच्या संगमाभोवतीचा हा परिसर दत्ताच्या पालखीसाठी जेवढा ओळखला जातो, तेवढाच गाण्यासाठीही ओळखला जायला हवा. वाडीच्या शेजारच्या कुरुंदवाडात १८७२ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, उपचारांसाठी त्यांना मिरजेला नेण्यात आले आणि तिथेच ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. त्याच वर्षी उत्तरेत, दिल्लीजवळच्या कैराना गावात आणखी एक मुलगा जन्मला. तो पुढे वाडीपासून वीसेक किलोमीटरवरच्या मिरजेचाच होऊन गेला. हे उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे हे ख्यालगायक देशभर घरोघरी पोहोचले ते मात्र ख्यालामुळे कमी आणि तबकडीवरच्या छोट्या ठुमऱ्यांमुळे जास्त.

मिरजेत कसे आले?

घराणे सारंगीवाल्यांचे. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. स्वतः अब्दुल करीमही सारंगी वाजवत आणि सारंगीसारखा न तुटणारा स्वर हीच पुढे त्यांच्या गळ्याची ओळख ठरली. तरुणपणी ते बडोदा दरबारात होते. तिथल्या सरदार माने घराण्यातील ताराबाईंशी सूत जुळले आणि दोघांना बडोदा सोडावे लागले. मुंबईमार्गे ते दक्षिण महाराष्ट्रात उतरले. मिरजेत असताना त्यांना प्लेगने गाठले, ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या कृपेने आपण वाचलो अशी त्यांची श्रद्धा होती आणि ते इथलेच झाले. पटवर्धनांचे संस्थान, तंतुवाद्ये घडवणारे कारागीर, बाळकृष्णबुवांचा वारसा, असे सगळे एका गावात होते. तंबोऱ्याच्या जवारीबाबत काटेकोर असलेल्या गायकाला याहून चांगले गाव मिळाले नसते.

१९१० मध्ये त्यांनी बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढले, १९१३ मध्ये पुण्यात. शिष्य घरच्यासारखे राहायचे, खर्च जलशांच्या तिकिटांतून भागायचा. श्रुतींचा अभ्यास करणारे सांगलीचे कृ. ब. देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांच्याबरोबरही त्यांनी काम केले. (सुरात भुंकायला शिकवलेल्या त्यांच्या टिपू मियाँ या कुत्र्याची गोष्टही याच काळातली, संगीतशास्त्रापेक्षा ती जास्त लोकांच्या लक्षात राहिली.)

कर्णा आणि मायक्रोफोन

खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रणांचे दोन हप्ते आहेत आणि त्यांच्यामध्ये तंत्रज्ञानाची एक दरी आहे. पहिला हप्ता १९०५ च्या सुमाराचा, ग्रामोफोन कंपनीसाठी. तेव्हा ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, आवाजाच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. सुईला लागणारी सगळी ताकद गायकाच्या फुप्फुसांतून यायची. १९०२ मध्ये मिलानला ध्वनिमुद्रित झालेला इटालियन टेनर एन्रिको कारुसो तबकडीचा पहिला मोठा तारा ठरला, त्यात या यंत्राचा वाटा होता. त्याचा दणदणीत आवाज कर्ण्याला मानवला. हळुवार स्वर मात्र मेणावर उमटायच्या आतच हरवायचा.

अब्दुल करीम खाँ यांचा आवाज नेमका दुसऱ्या प्रकारचा. उंच, पातळ, किंचित अनुनासिक, तार सप्तकात अलगद जाणारा. स्वर लावण्याच्या रीतीत त्यांची कला होती, जोरात नव्हती. १९०५ च्या तबकड्यांत त्यांची तयारी ऐकू येते, घाईही ऐकू येते. जे ऐकायला लोक त्यांच्या मैफलीला जात, ते तिथे फारसे नाही.

१९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो आणि ती लहर वाढवून सुईकडे जाते, म्हणजे ताकद यंत्राची. कुजबुजीइतका स्वरही आता टिकू लागला. उत्तर आयुष्यात खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली ती या यंत्रावर. झिंझोटीतली ‘पिया बिन’, भैरवीतली ‘जमुना के तीर’, जोगियातली ‘पिया मिलन की आस’ या तबकड्या त्यातल्याच. दरम्यान १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या होत्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही ती मुले. या विरहाचे दुःख ठुमऱ्यांत उतरल्याचे अनेक जण सांगतात. ते असेलही, पण मायक्रोफोन नसता तर ते तबकडीवर उतरलेच नसते.

ख्याल सोडून ठुमरी का?

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. विलंबित ख्यालात तेवढ्या वेळात धड षड्जही स्थिर होत नाही. यावर त्यांच्याच घराण्यातील, नात्यातल्या अब्दुल वहीद खाँ यांचे उत्तर साधे होते. तासन् तास एकच राग गाणाऱ्या या गायकाने व्यावसायिक तबकड्या काढल्याच नाहीत. त्यांचे जे थोडे गाणे आज ऐकायला मिळते, ते रेडिओवरून टिपलेले. परिणामी जाणकारांत त्यांचे नाव मोठे, जाणकारांबाहेर जवळजवळ नाहीच.

अब्दुल करीम खाँ यांनी तीन मिनिटे मान्य केली आणि त्यात बसेल ते निवडले. ख्याल त्यांनी छोटे करून गायिलेच; पण ठुमरी आणि मराठी नाट्यपदही घेतले. ‘मानापमान’मधले ‘चंद्रिका ही जणू’ त्यांच्या आवाजात आहे. यात एक गंमत आहे. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, नाटक कंपनीत गेले तेव्हा गुरूंना ते रुचले नव्हते. दक्षिणेत वरचेवर गाणारे खाँसाहेब कर्नाटक संगीतही शिकले आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृतीसुद्धा त्यांनी तबकडीवर गायिली.

ही ठुमरी बनारस-लखनौच्या बाजाची नव्हे, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खराच आहे. शब्दांशी खेळणे, नखरा, बोलबनाव त्यांच्या गाण्यात कमी. ते ठुमरीही ख्यालासारखी स्वर लांबवून गातात, शब्द जवळजवळ विरघळतात. पण म्हणूनच मराठी, कानडी, तमिळ श्रोत्याला हिंदी बोल न कळताही काही अडले नाही. शुद्ध ठुमरी असती तर ती इतक्या दूरवर गेली असती का, याबद्दल शंकाच आहे.

यश कशाने मोजायचे?

कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३० च्या दशकात हिंदी ‘देवदास’ काढला, तेव्हा कुंदनलाल सैगल यांच्या तोंडी ‘पिया बिन’च घातली. मैफलीची चीज सिनेमात गेली, तीही मूळ गायक हयात असताना.

त्याच दशकाच्या सुरुवातीला गदगच्या बाजारात एका दुकानातल्या फोनोवर हीच झिंझोटी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या कानावर पडली. असे गाता आले पाहिजे, या एका ध्यासाने त्याने घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा गुरूच्या शोधात भटकला. अखेर १९३६ मध्ये घराजवळच, कुंदगोळात, त्याच तबकडीवाल्या गायकाचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी पोहोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

पुढच्याच वर्षी मद्रासकडचे कार्यक्रम करून खाँसाहेब अरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी रेल्वेने पाँडिचेरीला निघाले. वाटेत छातीत दुखू लागल्याने ते सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावरच त्यांनी नमाज पढला, दरबारी रागात कलमा गायिला आणि तिथेच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. पार्थिव मिरजेला आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केले. भीमसेन तेव्हा कुंदगोळात गुरूच्या घरी पाणी भरत होते.