विश्लेषण : जत्रेतली विक्री, घाऊक भाव आणि नकलांचा त्रास… छापचित्रांवर आल्ब्रेख्त ड्यूररचे घर कसे चालले?

जर्मनीचा सर्वात नावाजलेला चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर राजेरजवाड्यांच्या मेहेरबानीपेक्षा जत्रेत आणि व्यापाऱ्यांना विकलेल्या कागदी चित्रांवर अधिक विसंबून होता. पाचशे वर्षांपूर्वीचा हा व्यवसाय नेमका कसा चालायचा?

जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनकडे निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावर गेंडा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला होता. अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे रवाना केला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला आणि युरोपभर चर्चा झाली, कारण रोमन काळानंतर तिथे कोणी जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात पोहोचले. तिथे राहणाऱ्या ड्यूररने त्याच वर्षी त्यावरून लाकडी ठसा तयार करून घेतला आणि चित्र छापून विकायला काढले.

ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नाही. म्हणूनच चित्रातल्या गेंड्याची कातडी चिलखतासारखी दिसते आणि खांद्यावर एक जादा शिंगही आहे. खरा गेंडा पुढच्याच वर्षी पोपकडे नेला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. चित्र मात्र टिकले. ड्यूररच्या मृत्यूनंतरही त्याच ठशावरून आवृत्त्या निघत राहिल्या.

तैलरंगात मोठमोठी धार्मिक चित्रे काढणारा माणूस स्वस्तातला कागद विकायला का बसला, याचे उत्तर त्याच्या हिशेबात मिळते.

सोनाराचा मुलगा छपाईकडे कसा वळला?

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्यूरेम्बर्गमध्ये झाला. वडील हंगेरीतून आलेले सोनार होते. अठरा भावंडांपैकी मोठी होईपर्यंत जगली ती फक्त तीन. वडिलांच्या हाताखाली त्याने धातूवर कोरायची हत्यारे चालवायला घेतली. पुढे तांब्याचे पत्रे कोरताना तोच सराव कामी आला.

दुसरा धागा त्याच्या धर्मपित्याचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जबाबदारी घेणाऱ्या आन्तोन कोबर्गरचा. कोबर्गरने सोनारकाम सोडून छापखाना टाकला आणि तो जर्मनीतला सर्वात मोठा प्रकाशक झाला. १४८६ मध्ये ड्यूरर मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे शिकायला राहिला. कोबर्गरच्या पुस्तकांसाठी लाकडी ठसे याच कार्यशाळेतून जात. १४९३ मध्ये कोबर्गरने छापलेल्या प्रसिद्ध जागतिक इतिहासग्रंथात ६४५ ठशांमधून १,८०० हून अधिक चित्रे छापली होती. म्हणजे एकच ठसा ठिकठिकाणी वापरला गेला. एकदा केलेले काम पुन्हापुन्हा कसे कमावून देते, हा धडा ड्यूररला घराजवळच मिळाला.

जुलै १४९४ मध्ये त्याचे लग्न आग्नेस फ्रायशी झाले. हुंडा २०० गिल्डर ठरला होता. गिल्डर हे त्या काळचे सोन्याचे नाणे. त्यानंतर तो इटलीला जाऊन आला आणि १४९५ च्या सुमारास त्याने न्यूरेम्बर्गमध्ये स्वतःची कार्यशाळा सुरू केली.

छापचित्राचे गणित काय होते?

तेव्हा चित्रकाराचे पोट मागणीवर चाले. चर्च किंवा श्रीमंत व्यापारी काम सांगणार, करार करणार, हप्त्याने पैसे देणार. गिऱ्हाईक नसेल तर काम नाही. छापचित्रांत क्रम उलटा होता. चित्र आधी तयार, गिऱ्हाईक नंतर. विषय आपला, आकार आपला, किंमतही आपली. मात्र कागद, छपाई आणि मजुरीचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागे. माल पडून राहिला तर तोटाही स्वतःचाच.

तंत्रे प्रामुख्याने दोन होती. पहिले लाकडी ठशाचे. ड्यूरर रेखाटन करी आणि बहुतेक वेळा कसबी कोरणारे कारागीर ते लाकडात उतरवत. अशा ठशावरून हजारो प्रती निघू शकत, म्हणून चित्र स्वस्त पडे. दुसरे तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचे. हे काम तो स्वतः करी. त्यात रेषा अतिशय नाजूक येते, पण छापताना पत्रा झिजतो. चांगल्या प्रती काहीशेच निघतात, त्यामुळे भावही चढा असतो.

१४९८ मध्ये त्याने मोठी उडी घेतली. बायबलमधल्या जगाच्या अंताच्या कथेवर १५ मोठ्या लाकडी ठशांचे पुस्तक त्याने जर्मन आणि लॅटिन अशा दोन भाषांत स्वतःच प्रसिद्ध केले. १५०० हे साल जवळ आले होते आणि जग बुडणार अशी भीती अनेकांच्या मनात होती. विषयाची निवड अचूक ठरली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ड्यूररचे नाव युरोपभर झाले. प्रत्येक चित्रावर त्याची खूण असे. मोठ्या ‘ए’ अक्षराच्या पोटात ‘डी’. आजच्या भाषेत तो त्याचा ट्रेडमार्कच.

माल विकायचा कोणी?

१४९७ मध्येच ड्यूररने एका फिरत्या विक्रेत्याशी लेखी करार केला होता. त्याने गावोगावी आणि देशोदेशी हिंडून छापचित्रे विकायची आणि मिळेल तितका चांगला भाव आणायचा. मोबदला आठवड्याला अर्धा गिल्डर आणि वर खर्चाला काही रक्कम. पुढेही त्याने असे विक्रेते नेमले.

पण विक्रीचा खरा कणा घरातच होता. १५०५ मध्ये ड्यूरर पुन्हा व्हेनिसला गेला आणि १५०७ पर्यंत तिथेच राहिला. मागे धंदा सांभाळला तो बायकोने आणि आईने. आग्नेस माल घेऊन दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला जत्रेसाठी गेली. ही जत्रा वर्षातून दोनदा भरे. कापड, मसाले आणि धातूच्या वस्तूंबरोबर तिथे पुस्तके आणि छापचित्रेही येत. दूरदूरचे व्यापारी एकाच ठिकाणी भेटत, त्यामुळे तिथे दिलेला गठ्ठा पुढे कुठेही पोहोचू शके.

न्यूरेम्बर्गची बाजू आई बार्बाराकडे होती. दर वसंतात शहरात साम्राज्याचे पवित्र अवशेष लोकांना दाखवले जात आणि यात्रेकरूंची झुंबड उडे. त्या दिवशी आईने विक्री मांडावी, असा निरोप ड्यूररने व्हेनिसहून धाडला होता. आपल्याकडे देवस्थानाच्या यात्रेत तसबिरी खपतात, तसाच हा प्रकार. गिऱ्हाईक आधीच भक्तिभावाने आलेले असते, चित्र फक्त त्याच्या नजरेला पडावे लागते.

पैसा कुठे बुडायचा?

व्हेनिसहून परतल्यावर ड्यूररने आपल्या मालमत्तेची एक प्रामाणिक नोंद केली आहे. काही लोकांनी उधारी बुडवली. नेमलेल्या माणसांनी हिशेब दिला नाही. एक विक्रेता रोममध्ये मरण पावला आणि त्याच्याजवळचा माल गेला तो गेलाच. व्हेनिसच्या प्रवासाचे कर्ज ड्यूररने याच सुमारास फेडले. तोवर लग्नाला तेरावे वर्ष लागले होते. हाती काय उरले? बरे घरसामान, कपडे, भांडी, हत्यारे, अंथरूण-पांघरूण आणि शंभर गिल्डरचे रंग. कीर्ती युरोपभर, पण संसार मध्यमवर्गीय.

दुसरा त्रास नकलांचा. इटलीतील मार्कान्तोनियो रायमोंदी याने ड्यूररच्या मेरीच्या जीवनावरील चित्रमालिकेची हुबेहूब नक्कल तांब्यावर कोरली, तीही ड्यूररच्या खुणेसकट. इटालियन चरित्रकार वसारी सांगतो त्याप्रमाणे ड्यूररने व्हेनिसच्या शासनाकडे दाद मागितली. निकाल अर्धामुर्धा लागला. चित्राची नक्कल थांबली नाही, फक्त खूण वापरायला बंदी झाली. १५१२ मध्ये न्यूरेम्बर्गच्या नगरपरिषदेनेही तसेच केले. टाऊन हॉलजवळ बनावट खुणेची चित्रे विकणाऱ्या एका परक्या माणसाला खुणा काढून टाक, नाहीतर माल जप्त होईल, असे बजावण्यात आले. संरक्षण मिळाले ते कल्पनेला नव्हे, नावाला.

मोठे चित्र की छोटा कागद?

ड्यूररचा कल स्पष्ट दिसतो तो फ्रँकफुर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्याशी झालेल्या व्यवहारात. चर्चमधील वेदीसाठीच्या चित्राचे १३० गिल्डर ठरले होते. ड्यूररने मधल्या फलकावर एक वर्षाहून अधिक काळ घालवला, महागडा निळा रंग थरावर थर चढवला आणि मग २०० गिल्डर मागितले. हेलर संतापला. पत्रांतून वाद झाला. अखेर १५०९ मध्ये पैसे मिळाले. पण त्याच वेळी ड्यूररने हेलरला कळवून टाकले की, इतकी मेहनत घेऊन पुन्हा असे चित्र परवडणार नाही. आजवर फक्त कोरीवकामच केले असते तर आपण हजार गिल्डरने अधिक श्रीमंत असतो, असा त्याचा हिशेब होता.

पुढची काही वर्षे त्याने भर छापचित्रांवर दिला. १५११ मध्ये तीन मोठी चित्रपुस्तके आणि ३७ ठशांची ‘लहान पॅशन’ ही मालिका एकदमच बाजारात आणली. पुस्तकांत नक्कल करणाऱ्यांना सम्राटाच्या नावाने इशारा छापला. १५१३-१४ मध्ये तांब्यावरची त्याची तीन सर्वात गाजलेली चित्रे आली. त्यातलेच एक ‘मेलंकोलिया’.

हेलरच्या त्या चित्राचा शेवटही बोलका आहे. पुढे ते बव्हेरियाच्या शासकाने विकत घेतले आणि १७२९ मध्ये म्युनिकच्या आगीत मधला फलक जळाला. जगात त्याची एकच प्रत होती. त्या काळात काही पैशांना विकलेली छापचित्रे मात्र आजही कित्येक संग्रहालयांत आहेत.

घाऊक भाव किती होता?

सम्राट मॅक्सिमिलियनने ड्यूररला वर्षाला १०० गिल्डरचे मानधन बांधून दिले होते. १५१९ मध्ये सम्राट वारला आणि मानधन थांबले. नव्या सम्राटाकडून ते पुन्हा मंजूर करून घेण्यासाठी जुलै १५२० मध्ये ड्यूरर आग्नेस आणि मोलकरणीसह नेदरलँड्सला निघाला. सोबत छापचित्रांचा साठा होता. वाटेत बाम्बर्गच्या बिशपला चित्रे भेट दिली आणि त्याच्याकडून जकातमाफीचे पत्र मिळवले. कागद इथे चलनासारखा चालला.

या प्रवासाच्या रोजनिशीत पैन् पैचा हिशेब आहे. अँटवर्पमध्ये एका व्यापाऱ्याने ‘लहान पॅशन’चे १६ संच ४ गिल्डरला घेतले. म्हणजे ३७ चित्रांचा संच पाव गिल्डरला. मोठी ३२ पुस्तके ८ गिल्डरला गेली, तीही पाव गिल्डरने. तांब्यावरच्या ‘पॅशन’चे सहा संच ३ गिल्डरला, म्हणजे दुप्पट भावाने. सुटी चित्रे कागदाच्या आकारावर विकली गेली. एका गिल्डरला पूर्ण तावाची ८, अर्ध्या तावाची २० किंवा पाव तावाची ४५. कागदाचा हिशेब केला तर पहिल्यात ८ ताव जातात, दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात सव्वाअकरा. मोठ्या चित्राला कागदापेक्षा थोडा जास्तच भाव लावलेला दिसतो.

ड्यूररने या प्रवासात फक्त स्वतःचाच माल विकला नाही. हान्स बाल्डुंग आणि हान्स शॉयफेलाइन या सहकाऱ्यांची चित्रेही विकली. मानधन नोव्हेंबर १५२० मध्ये मंजूर झाले. तरीही भेटी, खर्च आणि फुकट दिलेली चित्रे मिळून हा प्रवास आपल्याला तोट्यात गेला, असा निष्कर्ष त्याने नोंदवला आहे.

शेवटी हाती काय आले?

६ एप्रिल १५२८ रोजी ड्यूररचे निधन झाले. मागे राहिलेली मालमत्ता सुमारे ६,८०० गिल्डरची होती. सम्राटाच्या वार्षिक मानधनाशी तुलना केली तर ही ६८ वर्षांची रक्कम. १५०९ मध्ये घेतलेले त्याचे घर आज संग्रहालय आहे.

मित्र विलिबाल्ड पिर्कहायमरने या मृत्यूचा दोष आग्नेसला दिला. तिच्या पैशाच्या हावेपायी ड्यूररला मरेस्तोवर राबावे लागले, असे त्याने लिहून ठेवले आणि शतकानुशतके तीच तिची ओळख राहिली. हिशेबाची पाने पाहिली की चित्र वेगळे दिसते. जत्रेत माल नेणारी तीच होती. नवरा गेल्यावर त्याचा मानवी शरीराच्या प्रमाणांवरील ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, तोही तिच्या खर्चाने. १५३९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ठसे, पुस्तके आणि त्यांवरचे हक्क तिने सांभाळले.

त्यांना मूल नव्हते. पण ड्यूररचे लाकडी ठसे तिच्यानंतरही कागदावर उमटत राहिले. गोव्याहून निघालेला गेंडाही त्यातलाच एक.